वासरांना लस : वेळ चुकवू नका



उसाची लागण कोणत्या तारखेस झाली हे आपणांपैकी प्रत्येकास तोंडपाठ असते. नोंद चुकली तर तोड लांबते, हे आपण जाणतो. पण गोठ्यातली कालवड केव्हा जन्मली, असे विचारले की आपण घरातल्या मंडळींकडे बघतो. "झाले असतील पाच-सहा महिने," असे उत्तर येते. इथेच घोटाळा होतो. कारण वासराची लस ही वय आणि हंगाम पाहून टोचावयाची असते.

जंतूंमुळे होणारे तीन रोग ध्यानात ठेवावेत.

१) घटसर्प : पावसाळ्याच्या तोंडाला येणारा हा रोग म्हशींत अधिक जोराचा असतो. ताप एकदम चढतो, गळ्याला सूज येते, श्वास घेताना घरघर लागते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावते. औषधाला वेळच मिळत नाही.

२) फऱ्या (एकटांग्या) : हा रोग सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या, अंगाने भरलेल्या वासरांना जास्त होतो. फऱ्यावर किंवा मांडीवर सूज येते, दाबली तर चरचर वाजते, वासरू लंगडते. याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणून मेलेले जनावर फाडू नये, कातडे काढू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

३) सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) : यात जनावर सहसा मरत नाही, म्हणून आपले लक्ष जात नाही. पण गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, पुन्हा गाभण राहायला वेळ लागतो, दूध बुडते. शिवाय हा रोग माणसालाही होतो. उलटून-सुलटून येणारा ताप, सांधेदुखी, अशक्तपणा महिनोन् महिने छळतो. गाभडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नये, कुत्र्यापुढे टाकू नये. दूध उकळूनच प्यावे.

पहिल्या दोन रोगांची लस सहा महिन्यांच्या वासरापासून पुढे दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे पाऊस पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. डहाणू तालुक्यातला कासा भाग घ्या. तो भाताचा मुलूख, पाऊस धो धो. पहिल्या पावसाबरोबर बैल नांगराला, मग चिखलणीला जुंपले जातात. ओले अंग, उपाशी पोट आणि कष्ट, अशा वेळीच घटसर्प गाठतो. तेथे मे महिन्यातच टोचून घेणे शहाणपणाचे. आपला मुलूख उसाचा असला तरी गोष्ट तीच. गळिताच्या हंगामात राबून बैल खंगलेले असतात, आणि तोडणीच्या टोळ्यांबरोबर लांबलांबची जनावरे आपल्याच पाणवठ्यावर आलेली असतात.

तिसऱ्या रोगाची लस मात्र निराळी. ती फक्त कालवडीला व रेडीला, चार ते आठ महिने या वयातच आणि जन्मात एकदाच टोचतात. गोऱ्ह्याला किंवा गाभण जनावराला ती द्यायची नाही. समजा, कालवड १ नोव्हेंबरला जन्मली, तर तिची मुदत १ मार्चला सुरू होते आणि १ जुलैला संपते. ही संधी गेली की गेली! ही जिवंत जंतूंची लस असल्याने ती पशुवैद्यकाच्याच हातून टोचून घ्यावी. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर या रोगाचाही समावेश करण्यात आला, यावरून त्याचे गांभीर्य कळावे.

"जनावर धडधाकट आहे, सुई कशाला?" असे काहीजण म्हणतात. अहो, लस धडधाकट जनावरालाच द्यायची असते! एक-दोन दिवस कणकण किंवा टोचल्या जागी थोडी गाठ येते, तेवढे चालायचेच.

लस ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली जुनी प्रयोगशाळा 1889 साली पुण्यातच निघाली व पुढे मुक्तेश्वरला गेली. लसी तयार करणारी राज्याची संस्थाही पुण्यात औंध येथे आहे.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

• वासरू जन्मताच तारीख गोठ्याच्या भिंतीवर किंवा वहीत लिहावी.
• लसीच्या आधी पंधरा दिवस जंताचे औषध पाजावे.
• लस बर्फात ठेवूनच आणावी. उन्हात तापलेली लस वाया गेली समजावी.
• एकट्याने न टोचता सर्व वस्तीची जनावरे एकाच दिवशी टोचून घ्यावीत.
• टोचल्याची तारीख त्याच वहीत नोंदवावी.

बैल गेला नि झोपा केला, असे आपल्या गोठ्यात होऊ नये. आज घरी गेल्यावर आधी कालवडीचे वय मोजा.