आधी पडायला शिका

शिवडीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या पोराला खेळ एकच ठाऊक, कबड्डी. संघातली पोरं 'काका' म्हणायला लागली तेव्हा मी मैदान सोडलं आणि ३८व्या वर्षी आयकिडोच्या वर्गात नाव घातलं. हार्बर लाइनने जा-ये करत सहा वर्षं झाली. तिथे मॅटवर जे कळलं ते असं.

१. आधी पडायला शिका.
पहिला महिनाभर कुणाला पाडायचं नाव नाही, नुसतं पडायचं. याला 'उकेमी' म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. पुढची कोलांटी डोक्यावरून मारायची नाही. करंगळीच्या कडेवरून कोपर, मग खांदा, तिथून पाठीवरून तिरकं दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत, चाक फिरावं तसं. माझं चाक पहिले पंधरा दिवस चौकोनी होतं.

२. धरलं की ओढू नका.
पकड बसली की मध्यरेषेकडे जीव खाऊन ओढायचं, हे कबड्डीने अंगात मुरवलेलं. सरांनी मनगट धरलं, मी हिसका दिला. ते तसूभर हलले नाहीत. म्हणाले, "हात राहू दे माझ्याकडे. तू फिर." पुढच्या पावलावर गिरकी घेतली, मागचा पाय अर्धवर्तुळात नेला. बघतो तर मी त्यांच्या शेजारी, दोघांची तोंडं एकाच दिशेला आणि त्यांचा जोर समोरच्या रिकाम्या जागेत! ही 'तेनकान'. सरळ आत शिरायचं ते 'इरिमी'. पुढचे बहुतेक डाव या दोन पावलांवर उभे आहेत.

३. अंगकाठीचं रडगाणं गाऊ नका.
आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) लहानपणी अशक्त, मोठेपणीही उंची जेमतेम पाच फूट. ताकेदा सोकाकू यांच्याकडे ते दाइतो-र्यू जुजुत्सू शिकले आणि त्यातून स्वतःची वाट काढली. 'आयकिडो' हे नाव १९४२पासूनचं. आय म्हणजे जुळणं, कि म्हणजे प्राणशक्ती, डो म्हणजे मार्ग. चाळीतल्या किडकिडीत पोरांना हे मी मुद्दाम सांगतो.

४. जोडीदार म्हणजे वैरी नव्हे.
चार वेळा तो मला टाकणार, चार वेळा मी त्याला. आज टाकणारा 'नागे', उद्या पडणारा 'उके' असं नसतं, दोन्ही भूमिका एकाच तासात. सांधा दुखला की मॅटवर थाप द्यायची, समोरचा तत्क्षणी सोडतो. एकदा मर्दानगीपायी मी थाप दिलीच नाही. मनगट तीन आठवडे सुजलं. चूक माझीच.

५. ट्रॉफीची आशा सोडा.
उएशिबांना स्पर्धा नको होत्या. त्यांच्या आयकिकाई परंपरेत त्या आजही नाहीत. मंडळातले मित्र विचारतात, "मग जिंकलास काय?" सुरुवातीला ओशाळायचो. आता हसतो.

६. फुशारकी मारू नका.
सरावात ठरवून धरलेलं मनगट वेगळं आणि गल्लीतली मारामारी वेगळी. कुणी सुरा काढून मोबाइल मागितला तर देऊन टाका. सहा वर्षांनंतरही माझं मत हेच आहे.

७. शिकलेलं भलत्याच ठिकाणी कामाला येतं.
गेल्या पावसाळ्यात चाळीच्या नळापाशी शेवाळावरून पाय सटकला. विचार करायला वेळच नव्हता. हनुवटी आपोआप छातीला गेली, पाठ गोल झाली. बादली गटारापर्यंत घरंगळली, कपडे चिखलात, पण डोकं शाबूत. सहा वर्षांत मी वापरलेला खरा डाव हाच.

म्हणून वर्ग शोधताना एकच प्रश्न विचारा, "पडायला किती दिवस शिकवता?" 'त्याची काय गरज, आठवड्यात डाव शिकवतो,' असं उत्तर आलं, तर चपला घाला आणि घरी या.