मेंदूतली गाठ वाफ्यातून आली

आमचं घर आजोबांपासून माळकरी. त्यामुळे धाकट्या भावाचा एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "डुकराच्या पट्टकृमीची अळी मेंदूत बसलीय," तेव्हा आई उखडलीच. "चातुर्मासात आमच्याकडं कांदा येत नाही, आणि डुकराचं काय सांगताय?"

"आई, ही गाठ डुक्कर खाऊन होत नाही," डॉक्टर म्हणाले. "माणसाच्या शौचातली अंडी पोटात गेली की होते."

गावोगाव घोळ नेमका इथंच आहे. अर्धंकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. काही मीटर लांब होतो, तरी त्या माणसाला बहुधा काही जाणवत नाही. त्याच्या शौचातून मात्र हजारो अंडी पडतात. ती मोकाट डुकरांनी खाल्ली की त्यांच्या मांसात अळ्या होतात. माणसाच्या पोटात गेली की त्यांतल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत, डोळ्यांत, स्नायूंत जाऊन गाठी करतात. अशी गाठ कित्येक वर्षं गप्प असते. अळी मरू लागली की भोवती सूज येते आणि एके दिवशी धडधाकट माणसाला फीट येते.

भावाला ती मेथीला पाणी देताना आली. तो वाफा मी नंतर नीट बघितला. वरच्या अंगाला ओढा, ओढ्याकाठी हागणदारी, आणि मोटारीचा पाइप त्याच ओढ्यात. काढलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून आमच्या भागात त्याच पाण्यात बुडवतात. देठांच्या बुडाशी चिकटलेली ओली माती तशीच बाजारात जाते. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओलसर मातीत महिनोन्महिने टिकतात. सेप्टिक टँकचा ताजा मैला फुकटचं खत म्हणून शेतात ओतून घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: भाजीच्या रानात तो अजिबात नको. दोन खड्ड्यांच्या शौचालयातला भरलेला खड्डासुद्धा किमान वर्षभर बंद राहू द्या, मगच उपसा.

जुड्या बोअरच्या पाण्यात धुवा. घरी पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. औषधाच्या पाण्यात नुसतं बुडवून ठेवण्यावर विसंबू नका. शिजवलेल्या भाजीची भीती नाही, प्रश्न कच्च्या कोशिंबिरीचा आणि वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीचा आहे. आणि हातांचाही, कारण पट्टकृमी पोटात असलेला माणूस स्वयंपाकघरातच असू शकतो. म्हणून घरातल्या सगळ्यांचं शौच तपासून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, औषधानं कृमी जातो. भाजी खुडायला येणाऱ्या बायांना शेतावर शौचालय, पाणी आणि साबण नसेल, तर त्यांनी जायचं कुठं? ही जबाबदारी शेतमालकाची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

फीट येणाऱ्याला मनानं जंताची गोळी देऊ नका. मेंदूत गाठी असतील तर अळ्या एकदम मरून सूज वाढते, म्हणून डॉक्टर आधी सुजेचं औषध सुरू करतात. फिटच्या गोळ्याही बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. भाऊ आता कामाला लागलाय, पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रॅक्टर त्याच्या हाती देत नाही आणि विहिरीवर त्याला एकटं पाठवत नाही. आमच्या गड्यांनाही सांगून ठेवलंय: फीट आली तर चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं, आजूबाजूची खुरपी-विळे बाजूला सारायचे, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा.