तुरीची मर: इलाज पेरणीआधीचा

मुरुड, जि. लातूर

चि. गणेशास,

तुझ्या तुरीचे फोटो पाहिले. ऐन फुलोऱ्यात झाडं वाळायला लागली की जीव तुटतो. तरी फवारणीला पैसे घालण्याआधी एवढं कर. सुकत चाललेलं एक झाड उपटून बुंध्यापासून उभं चीर. सालीखाली तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या तर ती मरच. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते. म्हणून रानात ओल असूनही झाड तहानेनं जातं. पानांवर फवारलेलं औषध तिथवर पोचत नाही.

ही बुरशी तुरीच्या धसकटांवर जमिनीत तीन-तीन वर्षं तग धरते. आपण सोयाबीनच्या जोडीनं दर साल त्याच वावरात तूर घेतो, म्हणजे तिला आपणच पोसतो. आता त्या रानात किमान तीन वर्षं तूर नको. ज्वारी घे, कडब्याचीही सोय होईल. हरभऱ्याची मर वेगळ्या बुरशीनं येते, त्यामुळं तिथं हरभरा पेरायला भिऊ नकोस. मात्र फेरपालट त्यालाही हवीच.

मेलेली झाडं मुळासकट काढून जाळ, उकिरड्यावर टाकू नकोस. त्या पट्ट्यातलं बी राखू नकोस. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान एप्रिल-मेच्या उन्हात तापू दे.

पुढं तूर घेशील तेव्हा वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राचा निवड: पांढरी हवी तर बीडीएन 711, लाल हवी तर बीएसएमआर 736. ही दुसरी वांझ रोगालाही दाद देत नाही. पेरताना बियाण्याला किलोमागं 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून सावलीत सुकव. ट्रायकोडर्मा ही आपल्या कामाची जिवंत बुरशी आहे. तिच्यासोबत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलंस तर आधी तीच मरेल. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ती रानातही टाक.

रास होण्याआधी मर लागलेल्या जागी खुंट्या रोव आणि वहीत टिपून ठेव. पीक निघालं की सगळं रान सारखंच दिसतं, आणि पुढच्या पेरणीचा निर्णय याच खुणांवर घ्यायचा आहे. यंदाचं नुकसान मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
काका