जमिनीखालची हवा

कोळशाच्या खोल खाणीत हवा आपोआप खेळत नाही. म्हणून मोठा पंखा लावतात. एका वाटेने ताजी हवा आत येते, दुसऱ्या वाटेने खराब हवा बाहेर जाते. पूर्वी इंग्लंडात खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. विषारी वायूने तो आधी मान टाकी. मग माणसे बाहेर पळत.

आपल्या नवी मुंबईत घणसोलीला बुलेट ट्रेनच्या कामासाठी ३९४ मीटरचा बोगदा सुरुंग लावून खणला. तो २०२४ साली पुरा झाला. सुरुंगाच्या धुराने जीव गुदमरतो, म्हणून बाहेरून ताजी हवा आत सोडत होते.

मित्रांनो, जुन्या विहिरीत आणि संडासाच्या टाकीतही विषारी वायू साठतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आत कोणी पडलं तर मागोमाग उतरायचं नाही. मोठ्यांना हाक मारायची, १०१ नंबरला फोन करायचा.

— इयत्ता चौथी