दिनविशेषांतून सर्वसमावेशक गावाकडे

मुळशी तालुक्याच्या निमित्ताने काही विचार

ग्रामपंचायतीच्या टपालात एखादा ‘दिन’ साजरा करण्याविषयीचे परिपत्रक आले नाही, असा महिना सहसा जात नाही. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले जयंती, ८ मार्चला जागतिक महिला दिन, ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, २६ जूनला सामाजिक न्याय दिन, ९ ऑगस्टला आदिवासी दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ डिसेंबरला दिव्यांग दिन, १८ डिसेंबरला अल्पसंख्याक हक्क दिन. प्रतिमापूजन होते, दोन भाषणे होतात, छायाचित्र काढले जाते आणि अहवाल वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतो. दिन साजरा झाला, हे खरे. परंतु ज्यांच्यासाठी तो दिन नेमला गेला, त्यांचे गावातील स्थान दुसऱ्या दिवशी काय असते, हा प्रश्न अहवालाच्या नमुन्यात नसतो. सरपंच, सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी तो स्वतःस विचारावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दिनामागील हेतू

हे दिन आकाशातून पडलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आणि १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. पुढे १९९२ मध्ये ३ डिसेंबर हा दिव्यांगांसाठी, तर १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जगातील मूळनिवासी समाजांसाठी मुक्रर करण्यात आला. आपल्या राज्याने राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस, २६ जून, सामाजिक न्याय दिन म्हणून स्वीकारला. या प्रत्येक तारखेमागे दाराबाहेर उभा राहिलेला कोणी तरी माणूस आहे. त्याला आत घेण्याची आठवण वर्षातून एकदा तरी व्हावी, एवढाच त्या तारखेचा अर्थ.

आठवण आणि अंमल यांतील अंतर मात्र फार मोठे असू शकते. ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे पुढे गेले की महाड लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव आपल्या दप्तरी नोंदविला. तरीही चवदार तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. स्थानिक संस्थेने केलेला ठराव कितीही चांगला असला, तरी तो अमलात आणण्याची जबाबदारी कोणी उचलली नाही तर तो कागदच राहतो, हा महाडचा धडा प्रत्येक ग्रामपंचायतीने ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

एक तालुका, अनेक समाज

मुळशी तालुका या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पूर्वेस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान. पिरंगुट परिसरात कारखाने. आणि पौडच्या पश्चिमेस धरणाचे पाणी, भाताची खाचरे व सह्याद्रीच्या कड्यालगतच्या वाड्या. या एकाच तालुक्यात मावळी शेतकरी आहेत, बौद्ध व मातंग वस्त्या आहेत, डोंगरपठारावर गवळी धनगर आहेत, महादेव कोळी आहेत आणि कातकरी आहेत. कातकरी, कोलाम व माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमाती होत. त्यांतील एक मुळशीत राहते, याची जाणीव तालुक्यातीलच पुष्कळांना नसते. याशिवाय मराठवाड्यातून, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इत्यादी राज्यांतून बांधकामासाठी आलेले हजारो मजूर पूर्वेकडील गावांत राहतात. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. बाकीच्या अनेक गावांवर शहराची छाया आहे.

एवढे वैविध्य असलेल्या गावाची ग्रामसभा कशी भरते? ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. आणि तहकूब सभेस तर गणपूर्तीची अटही राहत नाही. म्हणजे मोठ्या गावात गावठाणातील शंभर माणसे आली की सभा कायदेशीर झाली. त्या शंभरांत वाडीवरचा एकही माणूस नसेल, तर कायद्याचा भंग होत नाही. पण ग्रामसभेचा हेतू विफल होतो. मुळशी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे पेसा कायद्याखालील पाड्यापाड्यांची ग्रामसभा येथे आपोआप होत नाही. जिल्ह्याचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयही आंबेगाव तालुक्यात घोडेगाव येथे आहे. अशा स्थितीत येथील कातकऱ्याला सर्वांत जवळचे सरकार म्हणजे त्याची ग्रामपंचायतच होय.

दिनदर्शिका आणि श्रमाचे वर्ष

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आपले दिनविशेष सरकारी दिनदर्शिकेप्रमाणे येतात. श्रमिकांचे वर्ष निराळ्या क्रमाने चालते. भातकापणी आटोपून दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. मुलेबाळे व चार भांडीही बरोबर जातात. परत येणे होते ते मृगाच्या तोंडावर.

आता ग्रामसभांच्या रूढ तारखा पाहू : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर. यांपैकी पहिल्या दोन तारखांना वाडीतील बहुतेक दारांना कडी असते. दिव्यांग दिन, सावित्रीबाई जयंती, महिला दिन, आंबेडकर जयंती हे सारे दिनही याच काळात येतात. १५ नोव्हेंबर, म्हणजे बिरसा मुंडा यांचा जन्मदिवस, २०२१ पासून जनजातीय गौरव दिन म्हणून पाळला जातो. याच दिवशी २०२३ मध्ये आदिम जमातींसाठी ‘पीएम-जनमन’ अभियान सुरू झाले. घर, पाणी, रस्ता, वीज, आरोग्य, शिक्षण यांचा त्यात अंतर्भाव आहे. परंतु त्या दिवशी शिबिर ठेवले, तर ज्यांच्यासाठी ते भरविले त्यांच्यापैकी कित्येकजण आधीच भट्टीवर पोहोचलेले असतात.

उलट ९ ऑगस्टचा आदिवासी दिन ते २ ऑक्टोबरची ग्रामसभा हा सुमारे आठ आठवड्यांचा काळ असा आहे की, वाडी भरलेली असते. लावणीची घाई सरलेली असते, कापणी लांब असते. शिवाय पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या लोकमोहिमेचा आरंभही २ ऑक्टोबरपासून होतो. या आठ आठवड्यांत वाडीचे म्हणणे आराखड्यात आले नाही, तर ते वर्षभर येत नाही. म्हणून ९ ऑगस्ट हा केवळ पारंपरिक नृत्याचा दिवस न राहता कागदपत्रांच्या कामाचा प्रारंभ ठरावा. कोणाकडे जातीचा दाखला नाही, कोणाचे आधार नाही, कोणाची शिधापत्रिका विभक्त झालेली नाही, कोणाचे घर स्वतःच्या नावावर नसलेल्या जागेत आहे, याची घरनिहाय यादी करावी. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. भट्टीमागून भट्टी फिरणाऱ्या कुटुंबाकडे तो कोठून असणार? तेथे तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी व मुख्याध्यापक यांनी जुने दप्तर चाळून साहाय्य केले, तरच काम पुढे सरकते.

एका कार्यक्रमाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका गावी ३ डिसेंबरचा कार्यक्रम होता. निमंत्रणपत्रिका सुबक होती, पाहुणे वेळेवर आले. कार्यक्रम मात्र कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात होता. पायाने अधू असलेले एक गृहस्थ खालच्या ओट्यावर बसून ध्वनिक्षेपकावरून स्वतःच्याच हक्कांविषयीचे भाषण ऐकत होते. खाली आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, वर जागा कमी पडली का?” ती पत्रिका तयार करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. विचारण्याचे मात्र कोणालाच सुचले नव्हते. वगळणे हे बहुधा असेच घडते. म्हणून कोणताही दिन ठरविताना पहिला प्रश्न हा असावा : ज्यांचा हा दिवस, त्यांना आपण काय विचारले?

एक दिन, एक काम

यावर एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. प्रत्येक दिनाला एकच, मोजता येईल असे काम जोडावे, त्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी आणि त्याचा हिशेब लगेचच्या ग्रामसभेत द्यावा. नमुन्यादाखल काही कामे अशी :

३ जानेवारी – शाळाबाह्य मुलींची नावनिशीवार यादी वाचणे आणि प्रत्येकीच्या घरी शिक्षक व सदस्य यांनी मिळून भेट देणे.

८ मार्च – वर्षभरातील महिला ग्रामसभांची कार्यवृत्ते काढून त्यांतील किती ठराव मुख्य ग्रामसभेत मान्य झाले, हे जाहीर करणे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. तिची वेळ पाणी, स्वयंपाक व शेतीची कामे यांना आड येणारी नसावी, हेही याच दिवशी महिलांना विचारून ठरवावे.

२४ एप्रिल, पंचायत राज दिन – ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये या दिवशी अमलात आली. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचे आरक्षण ५० टक्क्यांवर नेले. निवडून आलेल्या महिला सदस्य सभेत स्वतः बोलतात की त्यांच्या वतीने दुसरेच कोणी बोलते, याचे प्रामाणिक परीक्षण व्हावे.

२६ जून – वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. गावातील फलक, नकाशे व घरपट्टीच्या पावत्या यांतूनही ती नावे गेली आहेत काय, हे तपासावे.

३ डिसेंबर – उतरता मार्ग, कठडा व वापरता येईल असे स्वच्छतागृह कार्यालयात व शाळेत आहे काय, याची पाहणी दिव्यांग व्यक्तींकडूनच करवावी. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे. डोळ्यांस न दिसणारी दिव्यांगताही त्यांत येते.

१८ डिसेंबर – हा दिवस जगभर स्थलांतरितांचा दिन म्हणूनही पाळला जातो. गावातील बांधकाम मजुरांची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी व्हावी म्हणून ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यांचे शिबिर या दिवशी घेता येईल. मजूर गावचा मतदार नसेल. तरी गावच्या इमारती तोच उभारीत असतो.

पैशाची बाजू

अशा कामांना निधी नाही, ही सबब पूर्णतः खरी नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. कारखाने व गृहसंकुले असलेल्या गावांत ही रक्कम लहान नसते. वर्षअखेरीस मार्चमध्ये घाईने वस्तू वाटून ती संपविण्यापेक्षा, त्या त्या दिनी संबंधितांसमोर शिल्लक वाचून दाखवावी व खर्चाचा अग्रक्रम त्यांनाच ठरवू द्यावा.

शाळेचे साहाय्य

शिक्षकबंधूभगिनींचे स्थान यात मोलाचे आहे. वाडीतील कोणते कूळ कोणत्या भट्टीवर जाते, हे गावात सर्वांत आधी हजेरीपटाला कळते. जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड देणे, मागे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करणे आणि येथे आलेल्या परप्रांतीय मजुराच्या मुलास दाखल्याअभावी परत न पाठविणे, ही कामे दिनदर्शिकेत दिवाळीपूर्वीच लिहून ठेवली पाहिजेत. दिनविशेषाच्या भाषणस्पर्धेपेक्षा त्यांचे फळ अधिक टिकाऊ आहे.

हेरवाडचा आदर्श

एखादी तारीख खरोखर गाव बदलू शकते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने त्याचे उत्तर दिले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने मे २०२२ मध्ये या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. परिपत्रक गावाकडे येते, हा नेहमीचा क्रम. येथे गावाचा ठराव पुढे गेला आणि परिपत्रक त्याच्या मागून आले.

मुळशीची स्वतःची तारीख

शेवटी एका तारखेचा उल्लेख केल्याविना राहवत नाही. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाखाली घरे व शेते जाणार म्हणून मुळशीच्या मावळ्यांनी त्या दिवशी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. मावळी स्त्रियाही त्यात उतरल्या. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झाले. आपल्याला न विचारता आपल्याविषयीचा निर्णय होणे म्हणजे काय, हे या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वीच कळले आहे.

ती वेदना ज्यांच्या वाडवडिलांनी भोगली, त्यांनी आज आपल्या ग्रामसभेत वाडीवरच्या माणसाला, विधवेला, अंधाला, परगावच्या मजुराला विचारल्यावाचून त्यांच्याविषयीचा निर्णय करू नये. १६ एप्रिल हा शासनाच्या यादीतला दिन नाही. तो गावांनी स्वतः नेमावा. त्या दिवशी हार-तुऱ्यांची गरज नाही. ग्रामसभेचे हजेरीपुस्तक उघडावे आणि वर्षभरात कोणत्या वस्तीची सही त्यात एकदाही आली नाही, एवढे मोठ्याने वाचावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांनी त्या वस्तीवर जावे. आणि वस्तीच्या दारांना कडी असेल, तर ९ ऑगस्टची वाट न पाहता भट्टीची वाट धरावी.