समजूत घालायच्या आधी ऐका

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात सीआरपी ताई, आशाताई, अंगणवाडी ताई आणि काही पोलीस पाटील यांचं एकत्र प्रशिक्षण झालं. घरात छळ सोसणारी बाई आपल्याकडे आली तर काय करायचं, हा विषय. त्यातलं रोज उपयोगी पडेल ते इथे लिहीत आहे.

"मला मारतात" असं बाई सहसा म्हणतच नाही. ती म्हणते, "ताई, या महिन्याची बचत राहू दे." बैठकीला येत नाही, पैसे सासूच्या हाती पाठवते. कर्ज तिच्या नावावर, रक्कम नवऱ्याकडे आणि हप्ता तिच्या मजुरीतून! गटाची वही नीट बघितली तर बरंच कळतं. प्रत्येक थकलेल्या हप्त्यामागे मारहाण असते असं नाही, पण दंड लिहायच्या आधी एकदा विचारा तरी. विचारायचं ते एकटीला, शेताच्या वाटेवर नाहीतर पाण्यावर. बैठकीत अजिबात नाही. दहा जणींसमोर विचारलेलं संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचतं आणि रात्री तिलाच भोगावं लागतं.

प्रशिक्षणात जोड्या करून सराव घेतला. एकीने बाई व्हायचं, दुसरीने ताई. बहुतेक ताया दोन मिनिटांतच म्हणाल्या, "अगं, भांड्याला भांडं लागतंच," नाहीतर "तू काय बोललीस आधी?" बाई झालेल्या एकीला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "उठून जावंसं वाटलं." हे तर नुसतं नाटक होतं!

मग म्हणायचं काय? "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आज घरी जायला भीती वाटते का?" हा शेवटचा प्रश्न विसरू नका. गळा दाबला असेल, जिवे मारायची धमकी असेल, तर थांबू नका. तिला विचारून 112 किंवा 181 ला फोन लावा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात न्या आणि खरं कारण सांगायला धीर द्या, नाहीतर केसपेपरवर "पडल्याने" एवढंच लिहिलं जातं. कागद तिच्या घरी ठेवू नका.

एक पोलीस पाटील म्हणाले, "आधी गावात मिटवून बघू." त्यावर बराच वाद झाला. मला वाटतं, बांधाचं भांडण पंचांत मिटतं, कारण दोघंही तावातावाने बोलू शकतात. इथे नवरा समोर बसलेला असताना बाई काय बोलणार?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारच नाही, तर शिव्या-टोमणे, लैंगिक जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन काढून घेणं हेही येतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहत्या सुनेला मनाला येईल तसं बाहेर काढता येत नाही. अर्ज माहेरच्या ठिकाणाहूनही करता येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतात, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. "आपल्यावरच केस झाली तर?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. कलम 4 प्रमाणे चांगल्या हेतूने कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतं, त्यासाठी माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

एवढं करून ती परत सासरी गेली तर रागावू नका. लेकरं, पैसा, माहेरची परिस्थिती, तिचं गणित तिलाच ठाऊक. "पुन्हा कधीही ये" एवढं म्हणा, म्हणजे पुढच्या वेळी ती येईल.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीआधी प्रत्येक गावाने तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर मिळवा. बाईच्या फोनमध्ये तो "बचत गट ताई" अशा नावाने ठेवा, कारण फोन नवराही बघतो.