हृदयरोग्याचे वजन रोज कळवा

सभासद बंधूंनो, उसाच्या वजनाचा मेसेज आपण लगेच पाहतो. कमजोर हृदयाच्या रोग्याचेही वजन रोज मेसेजने कळवावे, असे आम्ही सुचवतो. म्हातारा परभणीकडच्या खेड्यात, मुलगा पुण्याला, अशी घरे पुष्कळ. हृदय नीट चालेना की अंगात पाणी साठते. पाय सुजण्याआधीच ते काट्यावर दिसू शकते. सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करावे. धान्याचा काटा मात्र नको! दोन-तीन दिवसांत २ किलो वाढले तर डॉक्टरांना कळवावे. उलट मुलाने गोळ्यांची, मीठ-लोणचे टाळण्याची आठवण धाडावी. सिडनीत हृदयरोग्यांना आठवड्याला चार संदेश धाडून पाहिले. रक्तदाब उतरला, सिगारेट सुटली, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आडवे होताच दम कोंडत असेल तर मेसेज करीत बसू नये, १०८ ला फोन लावावा.